चांदणीचं पोट, चांदणीच्या दाढा: वरातीच्या एका घोडीचं प्रकरण

मे महिना, लग्नतिथींची गर्दी आणि सोलापूरचं ऊन. चांदणी ही अक्कलकोट रोडकडच्या एका वस्तीतल्या घोडेवाल्या चाचांची वरातीची घोडी. रंग पांढरा, बांधा काठियावाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. चाचांच्या सांगण्यानुसार वय १२. आदल्या रात्रीपासून तिनं चारा सोडला होता. पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडे बघायची, बसायची, उठायची, पुन्हा बसायची. सकाळी लीद पडली ती अगदी थोडी. गोळे लहान, कोरडे आणि वर आवेचा चिकट थर.

मी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. शेजारचे एक जण तिळाच्या तेलात हिंग कालवून बाटली भरून तयार होते. चाचा म्हणाले, "पोटात वारा धरलाय साहेब, तेवढं पाजलं की मोकळी होईल." ती बाटली मी आधी बाजूला ठेवायला लावली. घोड्याची मान वर धरून तोंडात काहीही ओतलं की त्यातलं थोडं श्वासनलिकेत उतरतं, आणि तेल फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. पोटाचं दुखणं बरं होऊन छातीनं गेलेली जनावरं मी पाहिली आहेत. घोड्याला पोटात काही द्यायचं असेल तर ते नाकातून जठरापर्यंत नळी घालूनच, आणि तेही तिथं नळी पोचल्याची खात्री करून.

दुसरी अडचण चाचांच्या पुतण्यानं सांगितली. त्याच संध्याकाळी वरातीची सुपारी घेतलेली होती.

तपासणी

नाडी जबड्याच्या खालच्या कडेला धरली. तिथं धमनी हाडावरून वळते आणि बोटाखाली सहज लागते. मिनिटाला ५२ ठोके. उभ्या, शांत घोड्याची नाडी २८ ते ४४ च्या दरम्यान असते, एवढ्या मोठ्या जनावराच्या मानानं फार संथ. म्हणून ५२ म्हणजे दुखतंय, पण अजून हातचं गेलेलं नाही. हाच आकडा ७० च्या पुढं असता आणि हिरड्या जांभळट दिसल्या असत्या, तर आतड्याला पीळ पडल्याचा संशय धरून शस्त्रक्रियेच्या तयारीनं घोडीला लांबच्या प्रवासाला काढावं लागलं असतं. चांदणीच्या हिरड्या गुलाबी होत्या, पण कोरड्या. बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला. अंगात पाणी कमी होतं. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे घोड्याच्या मानानं नाही असंच समजायचं.

मग कान पोटाला. घोड्याचं पोट चार भागांत ऐकतात, दोन्ही कुशींत वर आणि खाली. उजवीकडे वर मधूनच पाणी कोसळल्यासारखा मोठा आवाज येतो, तो आंधळ्या आतड्याचा. तो येत होता, पण बराच वेळ थांबल्यावर. डावी बाजू जवळजवळ गप्प होती.

छातीचा घेर १६० सेंटिमीटर भरला. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,९०० हे आमचं नेहमीचं गणित, त्यातून वजन साधारण ३२० किलो निघालं. औषधाचा डोस आणि पाण्याचं माप दोन्ही यावरच ठरणार होतं.

नळी घालताना दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो. त्याची मऊ टाळू स्वरयंत्राभोवती इतकी घट्ट बसलेली असते की तोंडानं श्वास घेणं त्याला जमतच नाही. म्हणून नळी नाकपुडीच्या तळाच्या मार्गानंच सरकवायची. वर गेली तर नाजूक हाडांना लागून भळभळा रक्त येतं, आणि श्वासाची वाट तर तीच. दुसरी गोष्ट, घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला तिरकी मिळते आणि तिथला स्नायू इतका ताकदवान असतो की जठर भरून ताणलं गेलं तरी तो सुटत नाही. माणसाचं पोट नको ते बाहेर टाकतं, घोड्याचं जठर फाटतं. म्हणून पोटशूळ झालेल्या घोड्याला नळी घालणं हा उपचार असतो त्याआधी तपास असतो. चांदणीनं नळी गिळली, मानेच्या डाव्या बाजूला ती सरकताना दिसली. जठरातून जेमतेम अर्धा लिटर हिरवट पाणी आलं. आठ-दहा लिटर उलटं आलं असतं तर अडचण लहान आतड्यात, असं समजून वेगळ्याच वाटेनं जावं लागलं असतं.

शेवटी गुदाशयातून हात घालून तपासणी. घोड्याच्या बाबतीत ही जोखमीची असते, कारण जोर केला तर आतडं फाटू शकतं आणि तसं झालं तर घोडा बहुधा वाचत नाही. आधी आतडं सैल पडावं म्हणून ब्युस्कोपॅन शिरेतून दिलं. त्या इंजेक्शननं नाडी काही वेळ वाढते, म्हणून नाडी आधीच मोजून ठेवलेली बरी. हात कोपराच्या पुढं गेल्यावर ओटीपोटाच्या कडेशी, खाली डावीकडे, जे हवं होतं ते लागलं. माणसाच्या मांडीएवढा जाड, गुळगुळीत लांबोळा भाग, आणि घट्ट मळलेल्या पिठासारखा. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

निदान: मोठ्या आतड्याच्या ओटीपोटाजवळच्या वळणात चारा अडकून बसला आहे. याच वळणाला पेल्व्हिक फ्लेक्शर म्हणतात.

कोळशानं काढलेलं आतडं

उपचाराचं पहिलं पाणी नळीतून पोटात गेल्यावर थांबणं आलं. चाचा विचारत होते, "एवढं मोठं पोट आणि अडकलं कुठं म्हणता?" शब्दांत सांगून ते कळणारं नव्हतं. पुतण्यानं चुलीतला कोळसा आणला आणि घोडीच्या पांढऱ्या अंगावरच मी आतडं काढायला घेतलं. सांगायची गोष्ट जनावराच्या अंगावर काढून दाखवली की मालकाच्या लक्षात ती कायमची राहते, असा माझा अनुभव आहे.

जठर बरगड्यांच्या आत, डावीकडे. ८ ते १५ लिटर मावेल एवढंच. घोड्याच्या आकारमानाला ते फारच लहान आहे, कारण मूळचा घोडा दिवसाचे १५-१६ तास थोडं थोडं चरणारा. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरीही. पित्तही तसंच, साठवायला पित्ताशयच नाही. निसर्गानं त्याच्या जेवणाला वेळा ठेवलेल्याच नाहीत, वेळा आपण लावल्या.

पुढं साधारण २० मीटर लहान आतडं. चांगल्या चघळलेल्या खाण्यातला पिष्टमय भाग आणि प्रथिनं इथं पचतात. धागेदार चारा तसाच पुढं जातो. तो जातो आंधळ्या आतड्यात, उजव्या कुशीतल्या सुमारे मीटरभर लांबीच्या पिशवीत, जिथं ३० लिटरच्या आसपास माल मावतो. तिथले सूक्ष्मजीव कडब्यातलं सेल्युलोज आंबवतात आणि घोड्याला त्यातून ताकद मिळते. गाय आधी आंबवते आणि मग पचवते, घोडा उलट. म्हणून गाईचा चारा पुन्हा तोंडात येऊन रवंथ होतो, घोड्याला तशी दुसरी संधी नाही. एकदा गिळलं ते गिळलं.

मग मोठं आतडं, तीन ते चार मीटर, घोड्याच्या पोटातला सर्वांत मोठा ऐवज. उजवीकडून खालच्या बाजूनं छातीच्या हाडापर्यंत पुढं, तिथं वळून डाव्या बाजूनं मागं ओटीपोटापर्यंत, तिथं उलटं फिरून वरच्या पदरानं पुन्हा पुढं छाती आणि पोट यांमधल्या पडद्यापर्यंत, आणि तिथून उजवीकडे मागं. घोडीच्या डाव्या कुशीवर कोळशाच्या दोन रेघा आल्या, खालची जाड आणि वरची बारीक, आणि मागं मांडीच्या जवळ दोन्हींना जोडणारं वळण. खालचा पदर २०-२५ सेंटिमीटर रुंद असतो, वळणाशी तो ८-९ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे रुंद नळी अचानक अरुंद होते, आणि तीही दिशा बदलता बदलता. शिवाय या भागातलं आतडं जाड कण ओळखून मागं ढकलतं, ते नीट आंबावेत म्हणून. ही सोय मुळात चाऱ्याच्या भल्यासाठी आहे, पण चारा भरड आणि कोरडा असला की तिथंच बूच बसतं.

चाचांनी त्या वळणावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग पुतण्याला म्हणाले, "हितं बघ. हितं थटलंय."

उपचार

फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक शिरेतून, किलोला १.१ मिलिग्रॅम या हिशोबानं, एकदाच. जठरात नळीतून पाच लिटर कोमट पाणी, त्यात मीठ, थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा. नळी मोरखीला चिकटपट्टीनं बांधून ठेवली आणि दर अडीच-तीन तासांनी तेवढंच पाणी. जठराची मर्यादा लक्षात घेता एका वेळी याहून जास्त द्यायचं नाही, आणि प्रत्येक वेळी आधी नळी खाली धरून काही उलटं येतं का ते बघायचं. शिरेतून सलाईन लावण्यापेक्षा इथं हा मार्ग सरस ठरतो. लहान आतडं चालू होतं, पाणी थेट अडकलेल्या जागेकडे जात होतं, आणि जठर ताणलं गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. खर्चही कमी. चारा बंद. खाली पडलेलं काड खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकं. तासाला दहा मिनिटं सावलीत चालवणं, त्याहून जास्त नाही. रात्रभर घोडा फिरवत ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, तिनं जनावर फक्त थकतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला घोडी शांत उभी होती. कान पुढं, डोळे स्वच्छ. पुतण्या म्हणाला, "साहेब, बरी झालीये की. दोन तासांची तर वरात." हा क्षण या दुखण्यात नेहमी येतो. वेदनाशामकानं कळ थांबते, बूच जागच्या जागी असतं. त्या अवस्थेत तिच्या अंगावर जरीची झूल, वर नवरदेव, पुढं बँजो आणि मागं जनरेटरची गाडी. मी नाही म्हणालो. चाचांनी वाद घातला नाही. त्यांनी दुसऱ्या घोडेवाल्याला फोन लावला, सुपारी त्याला दिली आणि घेतलेला विसार परत केला. हंगामातल्या एका रात्रीची कमाई त्या घराला किती महत्त्वाची असते हे मला माहीत आहे. चांदणी वाचली त्यात त्या फोनचा वाटा माझ्या नळीइतकाच आहे.

रात्री नाडी ४४. मध्यरात्रीनंतर वारा सरला. सकाळी नाडी ४०, डाव्या कुशीत आवाज सुरू. पुन्हा हात घालून पाहिलं तर गोळा लहान आणि मऊ झालेला. दुपारी आधी चार कडक गोळे पडले, आणि मग तासाभरात लिदेचा ढीग, ओलसर, तपकिरी. निरोगी घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो. चांदणी त्या मापावर तिसऱ्या दिवशी आली.

लिदेनं दाखवलेली वाट

बूच निघालं, पण ते का बसलं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय प्रकरण संपत नाही. मी लिदेचा एक गोळा बादलीत कालवून पिठाच्या जुन्या चाळणीत धुतला. चाळणीत राहिलेल्या कडब्याच्या काड्या बोटाच्या पेराएवढ्या होत्या. नीट दाढा चालणाऱ्या घोड्याच्या लिदेत बहुतेक तुकडे काही मिलिमीटरचेच सापडतात. म्हणजे चारा चघळलाच जात नव्हता.

चाचांना विचारलं, घोडी खाताना काही तोंडातून टाकते का? पुतण्या म्हणाला, हो, चावलेले ओले बोळे पडलेले असतात, आम्हाला वाटलं कडबा नासका आहे.

आठवड्यानं, घोडी पूर्ण सावरल्यावर, झायलाझिन हे गुंगीचं औषध देऊन तोंड उघडं ठेवणारा आकडा लावला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं. आधी पुढचे दात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी तपकिरी खाच असते. ती १० व्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते, १५ व्या वर्षी दाताच्या अर्ध्यापर्यंत उतरते, २० व्या वर्षी खालपर्यंत पोचते. अंदाजच तो, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे. चांदणीची खाच अर्ध्याच्या खाली गेलेली. १२ वर्षं कधीच मागं पडली होती, वय १६-१७ तरी असणार.

मग दाढा. प्रत्येक ओळीत सहा, एकूण २४. घोड्याच्या दाढेचा बराचसा भाग तरुणपणी जबड्यात दडलेला असतो आणि तो वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतो, घासला जातो, पुन्हा वर येतो. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासतात. गवतावर ही आडवी फेरी मोठी असते. दाणा खाताना ती आखूड होते, दाढांच्या कडा घासायच्या राहतात आणि तिथं इनॅमलची धार चढते. वरच्या दाढांना बाहेरच्या अंगानं, खालच्यांना आतल्या. चांदणीच्या गालात दोन्हीकडे त्या धारेनं पडलेल्या जखमा होत्या, जुन्या आणि ताज्या. खालच्या डाव्या ओळीतली तिसरी दाढ गेलेली होती, आणि तिच्यासमोरची वरची दाढ अडवणारं कोणी नसल्यामुळं त्या खड्ड्यात वाढत उतरली होती. त्या एका दाढेमुळं जबडा आडवा फिरणंच अडत होतं.

चघळणं कमी म्हणजे लाळही कमी. घोड्याला लाळ फक्त चघळतानाच सुटते. चघळणं नीट असलं की दिवसभरात ती कित्येक बादल्या भरते, चारा ओला करते आणि जठरातलं आम्लही मारते. तेव्हा चांदणीचा कडबा लांब तर होताच, शिवाय कोरडाही आत जात होता.

कानशीनं धारा काढल्या. वाढलेली दाढ मात्र एका दमात घासून सपाट करता येत नाही. तीन-चार मिलिमीटरहून जास्त काढलं तर आतली जिवंत नस उघडी पडते. ते काम हप्त्यांनीच करायचं.

पाणी, मीठ, कडबा

दाढा वर्षानुवर्षं तशाच होत्या, मग बूच मेमध्येच का बसलं? इथं सोलापूर आडवं येतं.

वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही. दोन-चार दिवसांआड येतं तेव्हा पिंप भरून ठेवायचं, आणि उन्हाळ्यात ते घरातल्या माणसांना आधी पुरवायचं. चांदणीला सकाळी एक आणि रात्री एक बादली मिळायची. वरातीच्या दिवशी तर दुपारनंतर पाणी बंद, रस्त्यात लोकांसमोर मुतू नये म्हणून. ३२० किलोच्या घोडीला कोरड्या चाऱ्यावर एरवीसुद्धा २० लिटरच्या आसपास पाणी लागतं, ४२-४३ अंशांच्या उन्हात काम असेल तर त्याच्या दीडपट-दुप्पट. शरीराला पाणी कमी पडलं की ते मोठ्या आतड्यातल्या साठ्यातून ओढून घेतलं जातं, आणि तिथला चारा वाळत जातो.

घामाची गोष्ट फार थोड्या घोडेवाल्यांना ठाऊक असते. माणसाचा घाम पातळ असतो, मीठ त्यामानानं कमी जातं, रक्त दाट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकं किंवा त्याहून जास्त असतं. पाणी आणि मीठ एकदमच जातं, रक्त दाट होत नाही, आणि तहानेचा इशाराच मिळत नाही. वरातीहून घामेजून आलेली घोडी बादलीत तोंड बुडवून थोडंसं पिऊन थांबते, ती तृप्त झाली म्हणून नव्हे. तिला आधी मीठ हवं असतं.

आणि कडबा. मालदांडी ज्वारीचा कडबा आपल्या जिल्ह्याचं वैभव, बैलाला आणि म्हशीला उत्तम. पण ताटं जाड. एप्रिलपर्यंत चाचा ओला घास (लसूणघास) आणि थोडं गवत देत होते. ते महागल्यावर नुसता अख्खा कडबा सुरू झाला, तोही दोन वेळांत, सोबत तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी.

ठरलं ते असं. कडब्याची कुट्टी करून तासभर भिजवायची, दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी. जमेल तेव्हा घास. चंदी निम्मी आणि भिजवून, कारण लहान जठरातून न पचता पुढं निसटलेला पिष्टमय दाणा मोठ्या आतड्यात आंबट होतो आणि त्याचं विष खुरांना बाधतं. वरातीत लोक हौसेनं जिलेबी-बुंदी भरवतात, ते पुतण्यानं हात जोडून थांबवायचं. घामाच्या दिवशी मूठभर मीठ कुट्टीत. पाण्यासाठी वेगळं पिंप, फक्त घोडीचं, आणि वरातीआधी तासभर तिला पाणी पिऊ द्यायचं. रस्त्यात मुतली तर मुतली.

हे शेवटचं चाचांना सगळ्यांत जड गेलं. लग्नघरची माणसं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. पिंप मात्र दुसऱ्याच दिवशी आलं.

दिवाळीनंतर पुन्हा तोंड पाहिलं. गालातल्या जखमा भरल्या होत्या, धारा थोड्या चढल्या होत्या त्या काढल्या, आणि वाढलेली दाढ आणखी तीन मिलिमीटर घासली. ती वाढतच राहणार, दर सहा महिन्यांनी घासावी लागणार. पुतण्या आता रोज सकाळी लिदेचा एक गोळा हातानं फोडून बघतो. त्या दिवशी त्यानं मला तसा एक फोडून दाखवला. काड्या आखूड होत्या. मग त्यानं दावणीला बांधलेलं दुसरं, चार वर्षांचं तट्टू पुढं आणलं आणि त्याचंही तोंड उघडायला सांगितलं.